बुधवारची रिकामी चौकट

ताईला हिरवी वाट चढायची होती आणि त्यासाठी तिच्याजवळ बारा आठवडे होते. बारावा आठवडा संपतो त्या रविवारी ती नव्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायला जाणार होती, आणि लगेच सोमवारी मिस्त्री भिंतीवरच्या सगळ्या पकडी उतरवून धुवायला टाकणार होता. या दोन तारखा अशा एकमेकींना खेटून याव्यात हे कुणी ठरवले नव्हते. तरी कॅलेंडरात त्या शेजारी शेजारी पाहिल्या तेव्हा, मला न विचारता कुणीतरी काहीतरी ठरवून टाकले आहे, असे मला वाटत राहिले.

आमचा हॉल म्हणजे एके काळचे बर्फाचे गोदाम. जाड भिंती, उंचावर लहान खिडक्या, आणि ऐन उन्हाळ्यातही फरशीतून पायांत चढणारा गारवा. मधल्या भिंतीवर प्लायवुड ठोकून तिला कड्याचे सोंग दिले आहे: खाली सरळ, मध्यावर अंगावर झुकलेली, आणि वर, पंधरा मीटरांच्या पुढे, खिडकीवरच्या छज्ज्यासारखी एकदम बाहेर आलेली. त्या भागाला आम्ही छज्जाच म्हणतो. छज्जा ओलांडून गेलेला माणूस खालून दिसत नाही. भिंतीवर रंगीत पकडी स्क्रूने बसवलेल्या असतात, आणि एका रंगाच्या पकडी म्हणजे एक वाट. हिरवी वाट सर्वांत अवघड नव्हती, पण सर्वांत लांब होती, आणि ताई प्रत्येक वेळी छज्ज्याच्या काठाशीच सुटत होती.

वाटा बसवणाऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात, कारण त्याच्या कमरेला पाना आणि कानावर पेन्सिल कायम. दर बारा आठवड्यांनी तो सगळी भिंत उघडी करतो आणि नव्याने मांडतो. "भिंतीलाही सुट्टी लागते," असे तो म्हणतो. या वाक्याचा मला पुढे फार त्रास झाला.

माझे काम तक्ते करण्याचे. कुणाला अमुक महिन्यांत तमुक वाट चढायची असते. मी त्याला एक छापील अर्ज भरायला देतो, म्हणजे फारसे बोलावे लागत नाही, आणि मग आलेख-कागदावर चौकटी आखून त्याच्या येत्या दिवसांचा सराव लिहून देतो. माणसांशी बोलताना माझे शब्द घशातच चाचपडतात. चौकटीत ते गुपचूप बसतात. आईचे म्हणणे वेगळे आहे. "दोघं दिवसभर भिंतीवर चढता आणि माळ्यावरची बॅग काढायला शेजाऱ्यांना बोलवावं लागतं मला," असे ती येईल त्याला सांगते.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती दात बनवते. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे तिच्याकडे येतात आणि ती मेणात एकेक दाढ कोरते, तिच्या खाचाखोचांसकट. शहरात कोण कुठे हसते त्यात आपला किती वाटा आहे, हे फक्त आपल्यालाच ठाऊक, असे ती ऐटीत सांगते. दोन वर्षांपूर्वी तिने कामाजवळ खोली घेतली. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती घरी येई, पण त्या दिवशी बोलणे सगळे आईचे असे. आम्हा दोघांचे म्हणून जे काही उरले होते ते हॉलमध्ये होते.

तिथे आम्ही बोलत नसू. ती चढे आणि मी खाली तिचा दोर धरून उभा राही. दोराची एक भाषा असते. तिच्यात चार-पाच शब्द पुरतात. "बांधलंय?" मी विचारी. "बांधलंय," ती म्हणे. पुढे वरून येई तो "ढील", म्हणजे दोर सोड, मला तो भिंतीवरच्या पुढच्या कडीत अडकवायचा आहे. आणि हात संपत आले की "धर". माझ्या आयुष्यातली सर्वांत दीर्घ संभाषणे या शब्दांत झाली आहेत. चार वर्षांपूर्वी कॉलेज संपवून मी घरात तोंड लपवून बसलो होतो तेव्हा ताईनेच मला ओढत इथे आणले होते. "बोलू नकोस," ती म्हणाली होती, "नुसता दोर धर. तेवढं जमेल ना?"

तेवढे जमले होते.

"बारक्या," नव्या नोकरीचे पत्र आले त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "मलाही एक तक्ता करून दे. बारा आठवड्यांचा. जायच्या आधी हिरवी झाली पाहिजे."

"अर्ज भरावा लागतो."

"तुझ्या अर्जाला लाव काडी. लिही: वय बत्तीस, वजन विचारायचं नाही, तक्रार एकच. छज्ज्याखाली पोचेपर्यंत हात भरून येतात."

हात भरून येणे हा आमच्या हॉलमधला रोजचा शब्द. पकडीला लटकून लटकून कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग दगडासारखा घट्ट होतो, बोटे मिटायची म्हटली तरी मिटत नाहीत. ऊर भरून येतो, डोळे भरून येतात, तसेच हेही. फरक इतकाच की याला उपाय आहे आणि तो माझ्या चौकटींत मावतो.

त्या एका रात्रीच नव्हे, सलग तीन दिवस मी तो तक्ता करत होतो. इतके मन लावून मी कधीच कुणाचा केला नव्हता. पहिले चार आठवडे दमाचे: सोप्या वाटांवर न थांबता वर-खाली, आधी पंधरा मिनिटे, मग वीस, मग तीस; हात भरू लागले की वेग कमी, पण भिंत सोडायची नाही. पुढचे चार आठवडे ताकदीचे: बोटाच्या पेराएवढ्या लाकडी पट्टीला दहा सेकंद लटकायचे, तीन मिनिटे थांबायचे, असे सहा वेळा; कमरेला वजन बांधून पुल-अप्स; आणि छज्ज्याच्या हालचाली, एकेक, सुट्या. नंतरचे तीन आठवडे दोन्हींची गाठ मारायची: चार वाटा पाठोपाठ, थोडी उसंत, पुन्हा चार. शेवटचा आठवडा जवळजवळ मोकळा. दर चौथा आठवडा हलका. आणि बुधवार, शुक्रवार, रविवार या चौकटी कोऱ्या.

कारण ताकद सरावात वाढत नाही. सरावात माणूस झिजतो; ती झीज विश्रांतीत भरून निघते आणि थोडी जास्तच भरते, त्या जास्तीच्या भराला आपण ताकद म्हणतो. स्नायू दोन दिवसांत सगळे विसरतात. बोटांतल्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, विसरत नाहीत. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ही माझी पाठ केलेली, न अडखळता बोलता येणारी तीन-चार वाक्ये आहेत.

तक्ता पूर्ण झाला आणि मी तो भिंतीला लावून लांबून पाहिला. तेव्हा त्यातला सराव मला दिसेना. कोऱ्या चौकटी दिसू लागल्या. रविवारी हॉलच बंद असतो. शुक्रवारी ताईच्या कामाचा आठवडा संपतो, ती निघू शकत नाही. पण बुधवार. बारा बुधवार. ती या शहरात असेल, दोन बसच्या अंतरावर असेल, संध्याकाळी मोकळी असेल, आणि केवळ माझ्या कोऱ्या चौकटीमुळे येणार नाही. बाराव्या आठवड्यानंतर कोऱ्या चौकटींचा तोटा पडणार नव्हता. मी पेन्सिल घेतली आणि पहिल्या बुधवारात लिहिले: पावलांचा सराव, हलका, अर्धा तास.

त्यात खोटे काही नव्हते. हलका अर्धा तास कुणालाही मारत नाही. मग दुसरा बुधवार एकटा का ठेवायचा? असे करत अकरा बुधवार भरले. चौथ्या आणि आठव्या हलक्या आठवड्यांत मी सराव निम्मा करून लिहिला होता. तो खोडून 'नेहमीप्रमाणे' असे लिहिले, कारण निम्म्या सरावाला ती निम्माच वेळ थांबली असती. अक्षर सुरेख आले होते. ताईने तक्ता पाहिला आणि म्हणाली, "वा. एवढं सुंदर माझ्या लग्नपत्रिकेवर लिहिशील तर लग्न करीन हो मी."

ते बुधवार फार सुंदर गेले. हे मला लिहिलेच पाहिजे, नाहीतर पुढचे सगळे खोटे ठरेल. बुधवारी हॉलमध्ये गर्दी नसे. ताई खालच्या मोठ्या पकडींवर पावले ठेवून आडवी आडवी सरकत जाई, हात नुसते टेकवून, आणि मी गादीवर बसून तिच्या बुटांचा आवाज ऐके. मावळतीचे ऊन उंच खिडकीतून येऊन हिरव्या वाटेच्या मधल्या तीन पकडींवर बरोबर सात मिनिटे थांबे. ताई कामावरच्या गोष्टी सांगे. एका आजोबांना त्यांच्या तरुणपणीचे दात हवे होते, पुढच्या दोहोंमधल्या फटीसकट. ती फट कोरायला तिला दोन दिवस लागले. "काहीच नसलेली जागा करायची होती रे," ती म्हणाली, "त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो." मी मान हलवली. त्या वेळी मला ते फक्त गमतीचे वाटले.

आणि अर्धा तास कधीच अर्धा तास राहिला नाही. भिंतीपाशी आलेला माणूस भिंतीला हात लावल्याशिवाय परत जात नाही. "आलेच आहे तर एकदा हिरवी बघते," असे म्हणून ती दोर बांधी, आणि मी दोन वेळा तपासून म्हणे, "बांधलंय?"

सहाव्या आठवड्यात तिच्या उजव्या अनामिकेवर पांढरी पट्टी दिसली.

"काय झालं?"

"सुरी लागली. मेण कोरताना."

मी मान्य केले. पट्टी पुढेही सुटली नाही, आणि सुरीची जखम दोन आठवडे टिकत नाही, हे मला कळत नव्हते असे नाही. पण पुढच्या चौकटीत सराव लिहिलेला होता, आणि तो माझ्याच अक्षरात होता.

मिस्त्रीने एकदा दुपारी शिडीवरून उतरताना तो भिंतीवरचा तक्ता वाचला. कानावरची पेन्सिल काढून त्याने तिच्या टोकाने बुधवार मोजले.

"बारक्या, हे कुणाचं, तुझ्या ताईचं?"

"हो."

"तिनं तुझं काही घोडं मारलंय का?"

"हलका सराव आहे तो."

"असेल. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चार दिवस लागोपाठ तर मी माझं ड्रिल मशीनही चालवत नाही, गरम होतं ते. रविवारी हॉल बंद असतो म्हणून वाचली बिचारी." त्याने पेन्सिल परत कानावर ठेवली. "मला यातलं काय कळतंय म्हणा. मी आपला स्क्रू पिळणारा."

त्याला कळत होते. मलाही कळत होते. मी तक्ता सरळ केला, जणू तो वाकडा टांगला गेल्यामुळेच कुणालाही तसा दिसत होता.

आठव्या आठवड्यातल्या बुधवारी ताई हिरव्या वाटेच्या मध्यावर होती. खरे तर तो आठवडा हलका असायचा होता आणि तो वार कोरा. एका अरुंद पकडीवर तिने उजव्या हाताची बोटे दुमडली, आणि ओली काडी मोडावी तसा एक बारीक आवाज मला खाली ऐकू आला. ती "धर" म्हणाली नाही. नुसती दोरावर बसली आणि हात छातीशी घेऊन भिंतीकडे पाहत राहिली. मी तिला खाली घेतले. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती हसत होती, आणि तेच मला सहन झाले नाही.

"सॉरी हं," ती मला म्हणाली. "तुझा एवढा छान तक्ता. माझंच हाड कच्चं निघालं."

डॉक्टरांनी बोट दाबून पाहिले, हाड शाबूत असल्याचे सांगितले, आणि कंडरा धरून ठेवणारी पट्टी ताणली गेली आहे, तीन आठवडे बोटावर भार नको, असे बजावले. उरले होते चार. "विश्रांती घेत होता ना मधे मधे?" त्यांनी विचारले. "तर," ताई म्हणाली, "भाऊ तक्ते करतो माझा. त्याला सगळं माहीत असतं." डॉक्टरांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. त्यांच्या टेबलावर हाताचा एक प्लास्टिकचा सांगाडा होता. मी त्याची बोटे मोजत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी नवा तक्ता घेऊन तिच्या खोलीवर गेलो. दोन वर्षांत मी तिथे तीनदा गेलो होतो आणि तिन्ही वेळा आईने काहीतरी पोचवायला दिले म्हणून. ज्या दारी जायला कारण लागते असे आपण एकदा ठरवतो, त्या दारी विनाकारण जाणे पुढे पुढे अशक्यच होऊन बसते. खोलीत अर्धी भरलेली खोकी होती. टेबलावर दिव्याखाली मेणाची एक दाढ, आणि ताई सुरी अंगठा व मधल्या बोटात धरून, अनामिका वर उचलून, ती कोरत होती.

"ये. खुर्चीवरची पुस्तकं खाली ठेव. काय आणलंस, आईनं काय दिलं?"

"आईनं नाही. मी आणलाय. चार आठवड्यांचा."

"डॉक्टर तीन आठवडे नको म्हणाले ना?"

"बोटाला नको. पायांना, पोटाला, खांद्यांना चालेल. मोठ्या पकडी, सरळ भिंत. दम टिकेल. शेवटच्या शनिवारी एकदा हिरवी, बोटानं परवानगी दिली तर."

तिने कागद दिव्याखाली धरला. बराच वेळ वाचला.

"बुधवारी काही लिहिलंच नाहीस. पेन्सिल झिजली?"

"तिथे काही नसतंच, ताई."

"म्हणजे?"

"आधीच्या तक्त्यातही नव्हतं. कोराच होता बुधवार. मी नंतर भरला. चौथा आठवडाही, आठवाही. ते हलके असायला हवे होते."

"का भरलास?"

वाक्य मी बसमध्ये सात-आठ वेळा जुळवले होते. ते सगळे लांबलचक होते आणि त्यातले काहीच आता सापडेना.

"कोरा ठेवला असता तर तू आली नसतीस," मी म्हणालो.

तिने सुरी खाली ठेवली.

"मला राग आलाय," ती शांतपणे म्हणाली. "थांब जरा, नीट येऊ दे."

मी थांबलो.

"दोन महिने, बारक्या. दोन महिने मला वाटत होतं की मीच म्हातारी झाले. सकाळी दात घासताना बोट दुखायचं आणि मी स्वतःला शिव्या द्यायचे. तुला सांगितलं नाही, का? तर तू मनाला लावून घेशील, तुझा तक्ता चुकला म्हणून. आणि तुला माहीत होतं."

"हो."

"पावलांचा सराव म्हणे. अरे, चहाला ये म्हणायचंस."

"तू विचारलं असतंस, कशाला म्हणून."

"मी? तुला? कधी विचारलंय मी कशाला म्हणून?"

मी आठवून पाहिले. तिने खरोखरच कधी विचारले नव्हते. तो प्रश्न सगळा काळ माझ्याच आवाजात होता.

तिने उठून चहा केला. दोघांनी उभ्यानेच घेतला, कारण मी उठताच माझ्या खुर्चीवर तिने एक खोके ठेवले होते. दारापाशी ती म्हणाली, "बुधवार कोरा म्हणजे कोरा. मी येणार नाही, आणि तूही इकडे येऊ नकोस, कारण काढून. इतर दिवशी ये, कारण न काढता. जमेल?"

तेवढे जमेल का, हे मला माहीत नव्हते. मी मान हलवली.

कोरा बुधवार कसा असतो ते मी त्या चार आठवड्यांत शिकलो. ऊन सात मिनिटे हिरव्या पकडींवर येऊन थांबायचे आणि जायचे. मी दोर गुंडाळून ठेवायचो, मग पुन्हा उलगडायचो, कुठे झिजलाय का ते बोटांनी चाचपत. तिच्या बोटाचे भरून येणे त्याच वेळी, दोन बसच्या अंतरावर, माझ्या नसण्यामुळे चालले होते, हे मी स्वतःला समजावी. माझ्या न येण्याचाही कुणाला उपयोग होतो, ही जाणीव फार विचित्र होती. तिच्यात थोडे सुख होते आणि ते गिळताना खुपत होते. इतर दिवशी मी तिच्या खोलीवर जाऊ लागलो. आम्ही खोकी बांधली. ती दोरी आवळी आणि मी गाठीवर बोट धरी.

"शनिवारी तिचा दोर मी धरू का?" शेवटच्या गुरुवारी मिस्त्रीने विचारले.

"का?"

"राग मानू नकोस. तू दोर आवळून धरतोस. पडेल म्हणून घाबरतोस, ते ठीक आहे, पण ती छज्ज्यावर कडी अडकवायला हात वर नेते आणि तुझा दोर तिला खाली ओढतो. तीन महिने बघतोय मी. अर्धा दम तिचा तुझ्याशी भांडण्यात जातो."

मला वाटत होते की मी तिला सांभाळतो आहे.

"मीच धरतो," मी म्हणालो.

"मग ढील देशील?"

"देईन."

"बघ हं. तू हलका आहेस, ती पडली तर तूच वर उडशील. तुला जमिनीशी घट्ट धरून ठेवायला इथं काही नाही."

शनिवारी सकाळी हॉलमध्ये आम्ही तिघेच होतो. ताईने पट्टी सोडून बोट तीनदा मिटले, उघडले, नवी पट्टी बांधली. "बांधलंय?" मी विचारले. "बांधलंय," ती म्हणाली, आणि नेहमी नसते तशी माझ्या खांद्यावर एक चापट मारून वळली.

ती घाई न करता चढली. दम तिचा चांगला राहिला होता; निम्म्या उंचीवर तिने एक हात सोडून झटकला, मग दुसरा, आणि श्वास मला खालून ऐकू येत होता, संथ. अरुंद पकडीवर तिने, दाढ कोरताना उचले तशीच, अनामिका उचलून तीनच बोटांनी भार घेतला. छज्ज्याच्या काठाशी आली. इथेच ती नेहमी सुटे. डाव्या हाताने लटकून तिने उजव्याने दोर उचलला.

"ढील."

माझी मूठ आपोआप आवळत होती ते मला दिसले. मी ती उघडली. एक हातभर, मग आणखी एक. दोर सळसळत वर गेला, कडी खटकन लागली, आणि ताईने पाय वर घेऊन काठावर टाच अडकवली. आधी डोके गेले, मग पाठ, मग एक बूट, मग दुसरा. छज्ज्याच्या काठावर आता कुणी दिसत नव्हते. फक्त दोर होता आणि तो माझ्या हातातून वर जात होता.

त्या दोराकडे पाहत किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मिस्त्री म्हणतो, मिनिटभर. बोटभर सरके, थांबे. वीतभर सरके. तिकडे काय चालले आहे, कुठली पकड तिच्या हातात आहे, दुखते आहे का, मला काहीच कळत नव्हते. ती आहे आणि पुढे जाते आहे, एवढेच माझ्या तळहातांना कळत होते. मग फार वरून, भिंतीपलीकडून आल्यासारखा आवाज आला.

"ढील."

मी दिला. जेवढा मागितला त्याहून थोडा जास्त.

आणि दोर एकदम जिवंत झाला. ताई काठावरून खाली आली, मोठ्या कमानीत, आणि त्याच क्षणी माझे पाय जमिनीवरून सुटले. मी वर गेलो, पहिल्या कडीशी जाऊन अडलो, आणि लंबकासारखा झुलत राहिलो. वर ताईही झुलत होती. तिने खाली पाहिले, मला हवेत लटकलेला पाहिले, आणि ती इतकी हसू लागली की तिला बोलता येईना.

"बारक्या," शेवटी ती म्हणाली, "चढलास की रे तूही."

मिस्त्रीने माझा बूट धरून मला खाली घेतले. माणसे एकमेकांचे पाय ओढतात असे मी पुष्कळ ऐकले होते. माझ्या भल्यासाठी कुणी ओढण्याची ही पहिलीच वेळ.

"किती राहिल्या?" मी वर पाहून विचारले.

"दोन."

दोन पकडी. त्या कोणाच्या बुधवारांमुळे राहिल्या ते आम्हा दोघांनाही माहीत होते. तिने ते म्हटले नाही.

"पुन्हा बघायचं? थोडं थांबून?"

तिने उजवा हात डोळ्यांसमोर धरला, अनामिका हळूच मिटली, उघडली. खिडकीकडे पाहिले, छज्ज्याकडे पाहिले.

"नको," ती म्हणाली. "आता मिटतंय, ते मिटू दे. सोड मला."

मी दोर सोडू लागलो. चढणाऱ्याला ढील दिली की तो दूर जातो, आणि उतरणाऱ्याला दिली की जवळ येतो. हातांचे काम मात्र तेच. मी गरजेपेक्षा सावकाश सोडत होतो. ती पाठमोरी, पाय भिंतीला टेकवत, गोल फिरत खाली येत होती, हिरव्या पकडी एकेक करून तिच्या वर राहत होत्या.

"लवकर सोड की," ती मध्यावर म्हणाली. "भूक लागलीय."

"हो."

मी वेग वाढवला नाही. तिनेही पुन्हा म्हटले नाही.

गाठ सोडताना ती म्हणाली, "तिकडचाही तक्ता करून दे. तिथंही हॉल आहे, नोकरीपासून जवळ."

"दोर कोण धरेल?"

"असेल कुणीतरी. त्याला सांगेन, माझा भाऊ देतो तशी ढील दे."

सोमवारी मिस्त्रीने हिरव्या पकडी काढल्या. पाना फिरण्याचा आवाज दुपारपर्यंत येत होता आणि खाली टबात साबणाच्या पाण्यात त्या एकावर एक पडत होत्या. मी टेबलाशी बसून नवा आलेख-कागद काढला. बारा आठवडे, सात वार. बोट लक्षात घेऊन पहिला महिना फक्त दमाचा. चौथा आठवडा हलका. तो मी आधीच लिहून टाकला, शाईने. मग सोमवार, मंगळवार, आणि पेन्सिल बुधवारावर आली.

काही लिहायचे नव्हते. मी टोक टेकवले आणि उचलले. कागदावर एक बारीक टिंब राहिले. ते मी खोडले नाही; शेजारच्या चौकटीत गुरुवारचा सराव लिहायला घेतला.